आवस, पुनव आणि वाफसा

लासलगावच्या बाजार समितीत कित्येक दशकं अमावस्येला कांद्याचा लिलाव होत नसे. कांद्याची एवढी मोठी बाजारपेठ, पण महिन्यातला तो एक दिवस आवारात ट्रॅक्टरची रांग नाही, बोली नाही, हमाल-मापारी घरी. भाव चढलेला असो की पडलेला, आवस म्हणजे सुट्टी. अलीकडे समितीनं ही प्रथा मोडली आणि आवसेलाही लिलाव सुरू केले. ते योग्यच झालं. चाळीत कांदा सडत असताना शेतकऱ्याला एकेक दिवस मोलाचा असतो. पण नाशिक जिल्ह्यातल्या शेतीवर चंद्राची सत्ता किती आणि कुठवर होती, हे समजून घ्यायचं तर मला वाटतं या जुन्या सुट्टीपासूनच निघावं.

आमचा मळा निफाड तालुक्यात, गोदाकाठच्या काळ्या रानात. माझ्या लहानपणी तिथं आवसेला बैल जुंपत नसत. नाना, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, त्या पहाटे गोठ्यात जायचे ते फक्त वैरण टाकायला. मग दिवसभर बसून करायची कामं. नाडा-सोंदूर तपासायचे, जुवाच्या शिवळा बदलायच्या, फाळ लोहाराकडून शेवटून आणायचा. मी विचारलं होतं, आवसेला जुंपलं तर काय होतं हो नाना? ते म्हणाले, "काही होत नाही. पण बैलाला रविवार कोण सांगणार?"

हे उत्तर मी पुढे अनेकांना सांगितलं, कारण त्यात सगळं आलं. आठवड्याची सुट्टी गावात यायच्या कितीतरी आधी, मुक्या जनावराला आणि सालगड्याला महिन्यातून एक दिवस हमखास मोकळा मिळायचा. तो दिवस मालकाच्या मर्जीवर राहू नये म्हणून आभाळात टांगून ठेवलेला. आवस पुढे ढकलता येत नाही आणि लपवताही येत नाही. साऱ्या शिवारात एकाच दिवशी औतं थांबली म्हणजे शेजाऱ्याच्या पुढे जायची घाईसुद्धा थांबते. बैलांचा सर्वांत मोठा सण पोळा, तोही श्रावणातल्या आवसेलाच यावा, हे मला फार साजेसं वाटतं.

म्हणजे चंद्राचं पहिलं काम विसावा ठरवणं. पेरणीचा हंगाम ठरवणं हे त्याचं काम नव्हतंच. "आपले पूर्वज चंद्र पाहून पेरत" असं कुणी सरसकट म्हणू लागलं की मला राहवत नाही. खरिपाची पेरणी ज्या नक्षत्रांवर होते ती सूर्याची नक्षत्रं. सूर्य मृगात येतो ७ किंवा ८ जूनला, आर्द्रात २१-२२ जूनला. मग पुनर्वसू, ज्याला गावात तरणा म्हणतात, त्यानंतर पुष्य म्हणजे म्हातारा, आणि सप्टेंबरच्या शेवटी हस्त, आपला हत्ती. प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. तारखा जवळजवळ ठरलेल्या, म्हणून शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही मृग कधी निघतो ते विचारावं लागत नसे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं. ते दर साल अकरा दिवसांनी मागे सरकतं आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना घालून त्याला जागेवर आणावं लागतं. अक्षय्य तृतीया २०२३ साली २२ एप्रिलला आली आणि २०२४ साली १० मे रोजी. अशा तिथीवर बाजरीची किंवा भुईमुगाची पेरणी कोण टांगेल? जुन्या माणसांना हा हिशोब पक्का ठाऊक होता. हंगाम सूर्याकडे, आणि हंगामाच्या आतला दिवस चंद्राकडे, अशी त्यांनी वाटणीच करून टाकली होती.

ही सूर्याची नक्षत्रं आजही जिवंत आहेत. सटाण्याकडे डाळिंबाच्या बागेत गेलात तर तिथला बागायतदार मृग बहार धरायचा की हस्त बहार, याचीच चर्चा करत असतो. कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांतही हीच नावं छापतात. मात्र तीही कायमची खिळलेली नाहीत, हे फार थोड्यांच्या ध्यानात असतं. अयनचलनामुळे मृगाची तारीख सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. पेशवाईच्या मध्यावर, आजच्या इंग्रजी तारखांच्या भाषेत बोलायचं तर, मृग ३-४ जूनच्या सुमारास निघत असणार. आपल्या खापरपणजोबांचा मृग आपल्यापेक्षा थोडा आधीचा होता.

पाडव्याला गावचे जोशीबुवा पंचांग वाचायला येत. बलुतेदारीतला त्यांचा मान खळ्यावर धान्यानं चुकता व्हायचा आणि पाडव्याचं वाचन हा त्याचाच भाग. पुढे घरोघरी सोलापूरचं दाते पंचांग आलं, आणि १९७३ पासून भिंतीवर कालनिर्णय लागलं, तसं हे वाचन आटत गेलं. नानांना मात्र वाचनातला एकच भाग ऐकायचा असे. नक्षत्रांची वाहनं. कोणतं नक्षत्र बेडकावर बसून येणार, कोणतं म्हशीवर, कोणतं गाढवावर. बेडूक, म्हैस, हत्ती म्हणजे पाऊस भरपूर. घोडा आणि गाढव म्हणजे मन मानेल तसा.

इथं चंद्र येतो, आणि गणित म्हणून तो मोठा गोड येतो. सूर्य ज्या क्षणी नव्या नक्षत्रात शिरतो त्या क्षणी चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते पाहायचं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत, दोन्ही धरून, मोजायचं. येईल त्या आकड्याला नवानं भागायचं. बाकी एक उरली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, आणि शून्य उरलं तर हत्ती. नाना हे बोटांच्या पेरांवर करायचे. २७ नक्षत्रं त्यांना ओळीनं पाठ होती.

२०२३ चा मृग घ्या. ८ जूनला सूर्य मृगात शिरला तेव्हा चंद्र श्रवणात होता. मृगापासून श्रवणापर्यंत मोजलं तर अठरा, बाकी शून्य, वाहन हत्ती. त्याच ८ जूनला मोसमी पाऊस केरळात पोचला, तोही आठवडाभर उशिरानं. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ घोंघावत होतं आणि त्यानं पावसाची घडीच विस्कटून टाकली. मुंबईला मोसमी पाऊस यायला २५ जून उजाडला, म्हणजे हत्तीचे सगळे दिवस संपून आर्द्रा लागली होती, आणि तिचं वाहन मेंढा होतं. त्या साली पुढे अधिक श्रावण आला आणि ऑगस्ट तर देशभरात शतकाहून अधिक काळातला सर्वांत कोरडा गेला. नाना त्या वेळी नव्हते. असते तरी त्यांनी पेरणी केली नसती, याची मला खात्री आहे, कारण वाहन ऐकून पेरताना मी त्यांना कधीच पाहिलं नाही.

ते पाहायचे वाफसा. पाऊस होऊन गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रानात जायचे, वीतभर खालची माती उकरायचे, मुठीत घेऊन आवळायचे. मूठ उघडली की गोळ्याला अंगठ्यानं हलकेच दाबायचं. गोळा नुसता चेपला, बोटाला चिकटला, तर रान अजून ओलं आहे. मूठ उघडताच भुगा झाला तर ओल पुरेशी नाही. दाबल्यावर फुटून दोन-चार ढेकळं झाली, तळवा मात्र जवळजवळ कोरडा राहिला, तर वाफसा. मग तिथी कोणती, वार कोणता, वाहन कोणतं, काही नाही. पाभर जुंपायची. काळ्या जमिनीत वाफसा दोन-तीन दिवसच टिकतो. तो हुकला तर पुढच्या पावसाची वाट पाहायची. वाफसा भर आवसेला आला तर काय, असं विचारल्यावर नानांनी जे सांगितलं ते असं: आवसेला औजारं बांधून तयार ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, तांबडं फुटायच्या आत चाडं धरायचं. नियम मोडायचा नाही आणि वाफसाही सोडायचा नाही.

मळ्याचं हे झालं. परसाचं राज्य आजीचं होतं, आणि तिथं चंद्राला जास्त मान होता.

घरामागे विहिरीच्या थारोळ्याचं सांडपाणी जाईल अशा बेतानं आळी केलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजी वेल लावायची. भोपळा, दोडका, कारलं, काकडी, घेवडा. बी असायचं भिंतीवर. आदल्या साली पिकून वाळलेल्या भोपळ्याच्या बिया ती शेणात थापून, पोळीएवढ्या गोवऱ्या करून, चुलीच्या मागच्या भिंतीला लावून ठेवायची. धुरानं त्या काळ्या पडत. आखाजीच्या आदल्या दिवशी गोवरी काढायची, भिजवायची, एकेक बी सोडवून घ्यायचं. दोडक्याचं बी दोडक्यातच, वाळलेल्या जाळीत खडखडत आढ्याला टांगलेलं. उरलेलं सारं उतरंडीत, राखेत घोळून आणि कडुलिंबाचा पाला घालून. उतरंडीच्या कुठल्या मडक्यात काय आहे हे तिला अंधारात हात घालून कळे.

तिचा नियम साधा. जे जमिनीवर येतं ते उजेडाच्या पाखात लावायचं, जे जमिनीखाली येतं ते अंधाऱ्या पाखात. म्हणून वेल, मेथी, कोथिंबीर शुद्धात. लसूण, मुळा, रताळ्याचे वेल वद्यात. आखाजी स्वतःच शुद्ध तृतीया, चढत्या चंद्राची. कांद्याचं रोप शुद्धात लावलं तर डोंगळे जास्त निघतात, असंही ती म्हणायची. डोंगळा निघाला म्हणजे कांदा पोसायचा थांबला.

या नियमांना शास्त्राचा आधार किती? डोंगळ्याचं उत्तर सरळ आहे. वाण कोणतं, रोप किती वयाचं लावलं आणि पुढे थंडी किती लांबली, यावर डोंगळे ठरतात. आणि निफाडची थंडी तर वर्तमानपत्रात गाजते. चंद्रप्रकाशाचं म्हणाल तर पुनवेचा उजेड दुपारच्या उन्हाचा जेमतेम चार लाखावा भाग. समुद्राला भरती आणणारी ओढ रोपाएवढ्या उंचीत काही फरक पाडत नाही. युरोपातही अशीच परंपरा आहे. रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ साली दिलेल्या व्याख्यानांतून बायोडायनॅमिक शेती निघाली. पुढे मारिया थून यांनी चंद्राच्या राशींवरून मुळांचे, पानांचे, फुलांचे, फळांचे दिवस पाडून दिनदर्शिका केली. नाशिकच्या गच्च्यांवर भाजी पिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणींच्या मोबाईलवर आज हेच तक्ते फिरतात. २०२० साली स्पेनमधल्या अभ्यासकांनी या विषयावरचं भौतिकशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र तपासून पाहिलं आणि पिकाच्या वाढीवर चंद्रकलांचा परिणाम होतो याला भरवशाचा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. तो मला पटतो.

तरीही आजीचा नियम मला खुळा वाटत नाही, कारण ती तो कशी वापरायची ते मी पाहिलंय. आखाजी लवकर आली, ऊन तापायचं असलं, तर ती त्या दिवशी प्रत्येक आळ्यात एकेकच बी टोबायची आणि बाकीचं बी राखून ठेवायची. ही सवय तिला बाहत्तरनं लावली. १९७२ च्या दुष्काळात नक्षत्रामागून नक्षत्र कोरडं गेलं. घरातली धडधाकट माणसं पाझर तलावाच्या कामावर गेली. संध्याकाळी मिलोची लाल भाकरी, पोरांना सुकडी. त्या साली आखाजीला तिनं सगळं बी लावून टाकलं होतं. वेल वितभर झाले आणि जळाले. विहीर आटली. पुढच्या साली लावायला घरात भोपळ्याचं एक बी नव्हतं, ते तिला माहेरून, चांदवडकडून आणावं लागलं. दुष्काळाच्या गोष्टी ती फारशा सांगत नसे. भाकरीचं दुःख ती बोलून दाखवायची नाही, पण बी संपल्याचं सांगताना तिचा आवाज बदलायचा. "पोरी, मुहूर्ताला सगळं बी द्यायचं नाही. निम्मं घरात पाहिजे." आखाजीला पूजा पुरती करायची आणि पेरणी निम्मी, हा तिचा नेम पुढे आयुष्यभर राहिला.

घटस्थापनेलाही तेच. आश्विन शुद्ध प्रतिपदेला परडीत काळी माती घालून ती घरचं धान्य पेरायची, गहू, ज्वारी, हरभरा, करडई, मूग. नऊ दिवस पाणी शिंपडायचं. दसऱ्याला घट हलवताना ती परडी हातात धरून नीट न्याहाळायची. कुठलं धान्य दाट उगवलं, कुठलं विरळ, कशाला बुरशी आली. गव्हाचे कोंब विरळ दिसले तर नानांना निरोप जायचा, यंदा गव्हाचं बेणं बदलून आणा. रब्बीच्या पेरणीआधी तीन-चार आठवडे घरच्या घरी केलेली ही उगवणीची तपासणीच. तिथी पंचांगानं दिलेली, पण पाहणारा डोळा आजीचा.

आता पाखांचे नियम आले कुठून, याविषयी मला जे वाटतं ते सांगते. विजेआधीच्या काळात चांदणं म्हणजे कामाचे जादा तास होते. शुद्ध पाखात चंद्र संध्याकाळी वर असतो. वद्यात तो उशिरा उगवतो आणि पहाटेपर्यंत राहतो. म्हणजे दिवस मावळल्यावर करायची कामं शुद्धात सोयीची, पहाटेची कामं वद्याच्या पहिल्या आठवड्यात. कोवळं रोप लावायचं ते ऊन उतरल्यावर, नाहीतर ते मान टाकतं. उलट हरभरा उपटायचा तो पहाटे. रात्रीच्या दवानं घाटे ओलसर असतात, गळत नाहीत. दुपारी तोच हरभरा हात लावताच तडकतो. आमच्याकडे होळीच्या पुढेमागे हरभऱ्याची काढणी चाले, आणि पुनवेनंतरच्या पहाटा बायका त्यासाठी धरून ठेवत. संकष्टीचा चंद्र रात्री नऊच्या पुढेमागे दिसतो आणि सकाळपर्यंत डोक्यावरून पश्चिमेला सरकतो. त्याच उजेडात हरभऱ्याच्या पाथी लागत. शुद्धात लावा, वद्यात काढा, असा जो नियम सांगतात तो चांदण्यातल्या या कामातूनच घडला असावा, असं माझं मत आहे.

माझं आजोळ बागलाणात, मोसम नदीकाठी. तिथं फड होते. नदीला आडवा दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठाले फड, आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक. काही शतकं चालत आलेली ही व्यवस्था मोसम, आरम आणि धुळ्याकडच्या पांझरेवर होती. पाणी सोडायचं काम शेतकऱ्याचं नव्हे, गावानं नेमलेल्या पाटकऱ्याचं. पाणी दिवसरात्र वाहायचं, तेव्हा रात्रीची पाळी आलीच. मामा सांगायचे, पाटकऱ्याला चांदण्या रात्री कंदील लागत नसे. वाफा भरत आला की पाण्यावरची चकाकी कडेपर्यंत पोचलेली दिसते, तीच खूण. अंधाऱ्या पाखात तो पायानं पाणी जोखायचा, वाफ्यात उभा राहून घोट्याला किती लागतं यावर. कुणाच्या पाळीला अंधारं पाख आलं म्हणून तक्रार होऊ नये, यासाठी पाळ्यांचा क्रम फिरता ठेवत. चंद्राचा उजेडसुद्धा पाण्यासारखाच वाटून घेतलेला मी आणखी कुठं ऐकला नाही.

नानांचं आणखी एक वेड होतं, ते मार्गशीर्षातल्या ढगांचं. थंडीत आभाळ आलं, वीज चमकली, पूर्वेचा वारा सुटला, की ते तिथी आणि चंद्रनक्षत्र लक्षात ठेवायचे. पावसाचा गर्भ राहिला म्हणायचे. हा विचार वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आहे. सहाव्या शतकातला हा ग्रंथ सांगतो की मार्गशीर्ष शुद्धात चंद्र पूर्वाषाढात गेल्यापासून ढगांचे गर्भ पाहायचे आणि १९५ दिवसांनी त्यांचा पाऊस होतो. शुद्धातला गर्भ वद्यात पडतो, वद्यातला शुद्धात. हिशोब बरोबर आहे, साडेसहा चांद्रमासांनी पाख उलटतंच. याच ग्रंथातल्या वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात झाडं लावायला चांगली नक्षत्रंही दिली आहेत, रोहिणी, तिन्ही उत्तरा, मृग, चित्रा, अनुराधा, हस्त, अशी. ती चंद्राची. नानांनी हा ग्रंथ पाहिला नव्हता. त्यांना हे त्यांच्या चुलत्यांनी सांगितलं आणि त्यांना आणखी कुणी. दीड हजार वर्षं एक निरीक्षणाची रीत तोंडोतोंडी निफाडच्या मळ्यापर्यंत आली. भाकित कधी जमे, कधी नाही. पण त्यामुळे नानांना गेल्या कित्येक हिवाळ्यांतलं आभाळ दिवसवार आठवत असे, आणि तशी आठवण आज माझ्या ओळखीत कुणाकडे नाही.

वेलींच्या मांडवाला लागणारे बांबू पेठ-सुरगाण्याकडून येत. ते विकणारे कोकणा शेतकरी अंधाऱ्या पाखात तोडलेलाच बांबू चांगला, त्याला भुंगा लागत नाही असं सांगत. भुंगा बांबूतल्या पिठूळ साखरेवर जगतो. ती ऋतूप्रमाणे कमी-जास्त होते. पाखापेक्षा इथं ऋतू महत्त्वाचा, आणि ते लोक तोडणी थंडीतच करत.

मग आज चंद्र पाहून लावणी करणारं कुणी उरलं का? उरलं आहे, आणि पूर्वीपेक्षा जास्त. मात्र ते बाजाराच्या वाटेनं. झेंडू घ्या. दसरा-दिवाळीला झेंडू विकायचा तर रोप लावल्यापासून दोन महिन्यांचा हिशोब धरून मागे मोजत यायचं. दसरा २०२३ साली २४ ऑक्टोबरला होता, २०२४ साली १२ ऑक्टोबरला, २०२५ साली २ ऑक्टोबरला. तिथी मागे सरकते हे विसरून गेल्या सालच्या तारखेला रोप लावलं तर फूल फुलेपर्यंत दसरा होऊन गेलेला असतो, आणि मग तेच फूल बांधावर ओतावं लागतं. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा लागतो. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं त्या दिवशी सगळी एकदम बाजारात येतात. आषाढी एकादशीला रताळी. आणि कलिंगड, खरबूज लावणारा शेतकरी तर आधी रमजान कधी ते पाहतो. मालेगाव आपल्याच जिल्ह्यात. उपवास सोडताना फळ लागतंच. रमजानच्या चंद्राला अधिक महिना नाही, तो दर साल दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२३ साली पहिला रोजा २४ मार्चला, २०२४ साली १२ मार्चला, २०२५ साली २ मार्चला. कलिंगडाला अडीच महिने धरले तर लावणी जानेवारीच्या आरंभापासून सरकत सरकत डिसेंबरच्या मध्यावर आली. रमजान आणखी अलीकडे येत जाईल तशी पिकाची सारी वाढ कडाक्याच्या थंडीत सापडेल, म्हणून आतापासूनच लोक रोपवाटिकेतली रोपं आणि वर क्रॉप कव्हर असा बेत करताहेत. बियांना चंद्र ओढत असो नसो, शेतकऱ्याला तो असा ओढतो.

आमच्या मळ्यावर आता भाचा असतो. टोमॅटो, थोडी द्राक्षं, उन्हाळ कांदा. शेतीपंपाची वीज आठवड्याच्या पाळीनं, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की गोदाकाठच्या उसातल्या बिबट्याची धास्ती. दिवसा वीज द्या ही मागणी गावोगाव आहे, आणि सौर वाहिन्या होत आहेत तिथं ती थोडी पुरीही होते आहे. तोवर भाचा महिन्याच्या सुरुवातीला विजेचं वेळापत्रक आणि पंचांग शेजारी ठेवून पाहतो. अष्टमी ते पुनवेच्या रात्री आल्या तर एकटा जातो. आवसेच्या आगेमागे आल्या तर सोबत घेतो, बॅटऱ्या दोन, आणि मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावतो.

टोमॅटोच्या वहीतही त्यानं तारखेशेजारी तिथीचा रकाना पाडलाय. मी विचारलं, हे काय रे? म्हणाला, "आत्या, पतंग अंधाऱ्या रात्री जास्त अंडी घालतात. आवसेनंतर दोन-तीन दिवसांनी बारीक अळ्या दिसतात, फवारणी तेव्हाच लागू पडते." कपाशीच्या भागात कृषी खात्याचे लोक बोंडअळीसाठी हाच सल्ला देतात, आणि पुनवेला प्रकाश सापळ्यात कीटक कमी सापडतात हे जगभरच्या नोंदींतही दिसतं. त्यानं फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे लावले आहेत. रोज सकाळी सापडलेले नर पतंग मोजतो आणि आकडा लिहितो. वद्य एकादशीपासून आकडा चढत जातो, असं त्याचं म्हणणं. मी पानं चाळली. काही महिन्यांत तसं दिसतं, पावसाच्या महिन्यांत अजिबात दिसत नाही. त्यालाही ते माहीत आहे. तीन हंगामांच्या नोंदी झाल्याशिवाय फवारणीचं वेळापत्रक बदलायचं नाही, असं त्यानं ठरवलंय. सापळ्यातली कामगंध गोळी तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते, ती तारीख विसरू नये म्हणून त्यानं सोय केली आहे. दर आवसेला, औताची कामं बंद असतात तेव्हा, सगळ्या सापळ्यांतल्या गोळ्या बदलायच्या.